वरचा थर खालच्यापेक्षा तप्त कसा? अतितप्त ग्रहांच्या वातावरणाविषयी

साताऱ्यातल्या व्याख्यानानंतर वाईच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी प्रश्न लिहून पाठवला. त्याचा गाभा असा: "उंच गेलं की थंडी वाढते, असं आम्ही मुलांना शिकवतो. तुम्ही दाखवलेल्या आलेखात मात्र ताऱ्याला खेटून फिरणाऱ्या ग्रहाचं तापमान वर जाताना वाढत होतं. ग्रह वरून तापतो म्हणून, एवढंच कारण असेल, तर सगळ्याच तप्त ग्रहांवर असं का होत नाही? तिथे पाणी सापडलं असंही वाचलं आणि तिथे पाणी टिकत नाही असंही वाचलं, यातलं खरं काय? आणि इतक्या लांबून वरचं-खालचं तापमान वेगवेगळं कळतं तरी कसं? मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करायचा आहे, त्यात चुकीचं काही जायला नको."

मॅडम, 'वरून तापतो' हे कारण पुरेसं नाही, ही तुमची शंका रास्त आहे. पृथ्वीसुद्धा वरूनच तापते. पण सूर्याचा बराचसा दृश्य प्रकाश हवेला न जुमानता जमिनीपर्यंत पोचतो, जमीन तापते आणि मग जमिनीच्या आधाराने हवा तापते. म्हणून वर जावं तसा गारवा वाढतो, सरासरी किलोमीटरला साडेसहा अंश. साताऱ्याच्या डोक्यावर १६-१७ किलोमीटरवर तापमान उणे ७५-८० सेल्सिअसपर्यंत उतरलेलं असतं. तिथून पुढे मात्र ते पुन्हा चढायला लागतं आणि ५० किलोमीटरच्या आसपास शून्याजवळ येतं. मधल्या पट्ट्यातला ओझोन सूर्याचे अतिनील किरण तिथल्या तिथे शोषून घेतो, त्याची ही करामत. या पट्ट्यालाच आपण स्थितांबर म्हणतो. म्हणजे प्रश्न ऊन कुठून येतं हा नाही, ते कुठल्या उंचीवर अडतं हा आहे.

तुम्ही वाईच्या, म्हणजे तापमानाची विपरीतता, वर जाताना तापमान घटण्याऐवजी वाढणं, तुमच्या दारातच घडते. डिसेंबर-जानेवारीत पसरणीचा घाट चढताना खाली कृष्णेचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं आणि वर पाचगणीत लख्ख ऊन, हे मुलांनी पाहिलेलं असतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर दव गोठलं की वर्तमानपत्रांत फोटो येतो. त्याच पहाटे तलावापेक्षा उंचावर असलेल्या बाजारपेठेत पारा काही अंशांनी वर असतो. हे उदाहरण वर्गात जरूर सांगा, फक्त एक पथ्य पाळा. आलेखाचा आकार सारखा असला तरी वेण्णा लेकचं कारण वेगळं आहे. तिथे रात्री जमीन उष्णता आकाशात टाकून गार होते, गार हवा जड म्हणून सखल जागी साचते, आणि ऊन चढलं की खेळ संपतो. म्हणजे तिथे खालचं थंड झालेलं असतं. ज्या ग्रहांविषयी, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांना खेटून फिरणाऱ्या वायूच्या ग्रहांविषयी, आपण बोलतोय, तिथे वरचं तापलेलं असतं आणि ते तसंच राहतं, कारण तिथे ऊन मावळतच नाही. ताऱ्याच्या इतक्या जवळ असलेल्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. त्यामुळे खरं नातं ओझोनशी आहे. आपल्या गुरू-शनीलाही स्थितांबर आहे, तिथे ओझोनचं काम मिथेन आणि धूसर कण करतात.

आता मुख्य मुद्दा. वातावरणाच्या कुठल्याही थराला दोन कामं असतात. ताऱ्याचा प्रकाश शोषून तापायचं आणि स्वतःची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकून निवायचं. तारा तप्त, म्हणून त्याचा प्रकाश बहुतांश दृश्य आणि अतिनील. ग्रह त्या मानानं गार, म्हणून त्याची उष्णता अवरक्त. एकच वायू दृश्य प्रकाशाला पारदर्शक आणि अवरक्ताला अपारदर्शक असू शकतो, किंवा नेमका उलटा. तापमान वर जाताना वाढणार की घटणार हे या दोन अपारदर्शकतांच्या गुणोत्तरावर ठरतं. दृश्य भागिले अवरक्त हे उत्तर एकपेक्षा कमी असेल तर प्रकाश खोलवर शिरतो, उष्णता आत अडकते, खालचे थर जास्त तापतात. एकपेक्षा जास्त असेल तर प्रकाश वरच अडतो आणि वरच्या विरळ वायूला निवण्याचं साधन अपुरं पडतं. मग त्याला एकच मार्ग उरतो, जितकी ऊर्जा आत येते तितकी बाहेर जाईपर्यंत तापत राहणं.

अकरावी-बारावीची मुलं असतील तर त्यांच्याकडून हे गणित करून घ्या, कॅल्क्युलेटरवर होतं. ग्रहाची आतली उष्णता शून्य धरा आणि गुणोत्तराला ग म्हणा. साध्या प्रतिमानात सर्वांत वरच्या थराच्या तापमानाचा चौथा घात २/३ + ग/√३ या संख्येच्या प्रमाणात येतो, आणि खोलवरच्या तापमानाचा चौथा घात २/३ + १/(ग√३) च्या प्रमाणात. ताऱ्याकडून येणारी ऊर्जा अशी निवडा की प्रमाणांक २५०० केल्विन येईल. ग = ०.४ घेतला तर वर सुमारे २४३० केल्विन आणि खाली सुमारे ३०१० मिळतात. ग = २ घेतला तर वर सुमारे २९०० आणि खाली सुमारे २४७०. ग = १ असेल तर दोन्हीकडे एकच तापमान. तारा तोच, अंतर तेच, ऊर्जा तितकीच. फक्त वायूचा स्वभाव बदलला आणि आलेख उलटा झाला. तुमच्या 'सगळ्याच तप्त ग्रहांवर का नाही' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर वायू कुठले आहेत यात आहे, पण त्याआधी मोजमापाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भरवशावर घ्यावं लागेल.

हे ग्रह दुर्बिणीतून ताऱ्यापासून वेगळे दिसत नाहीत. तारा आणि ग्रह यांचा मिळून एकच ठिपका दिसतो. आपण ग्रह ताऱ्याआड जाण्याची वाट पाहतो. तो आड गेला की ठिपक्याचा प्रकाश किंचित कमी होतो, अवरक्तात साधारण हजारातला एक भाग. जेवढा कमी झाला तेवढा ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचा प्रकाश. हीच वजाबाकी वेगवेगळ्या तरंगलांबींना केली की ग्रहाचा वर्णपट हाती येतो. त्यात तापमान कुठेच लिहिलेलं नसतं, ते काढावं लागतं आणि ते असं निघतं: पाण्याची वाफ १.४ मायक्रॉनजवळ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जोरात शोषण करते. त्या तरंगलांबीला वातावरण अपारदर्शक असतं, त्यामुळे आपली नजर आत शिरत नाही आणि जो प्रकाश मिळतो तो वरच्या थराचा असतो. थोडं बाजूला, १.२ किंवा १.६ मायक्रॉनला वाफेचा अडथळा कमी, तिथे नजर खोल जाते. वरचा थर गार असेल तर १.४ ला वर्णपटात खड्डा पडतो, वरचा थर तप्त असेल तर तिथेच उंचवटा येतो. दोन्ही थर सारख्या तापमानाचे असतील तर वाफ असूनही काहीच दिसत नाही, वर्णपट सपाट येतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण आमच्या क्षेत्रातली कित्येक वर्षांची भांडणं त्यावरून झालेली आहेत.

पहिलं मोठं भांडण एचडी २०९४५८बी या ग्रहावरून. हा ग्रह फार मानाचा. ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे अधिक्रमण करताना, सर्वांत पहिला दिसला तो हाच, १९९९ साली. २००२ मध्ये त्याच्याच वातावरणात सोडियम सापडलं आणि सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचं वातावरण मोजता येतं हे सिद्ध झालं. २००३ च्या सुमारास सैद्धांतिक मंडळींनी एक कल्पना मांडली होती. थंड लाल ताऱ्यांच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइड आणि व्हॅनेडियम ऑक्साइड यांचे ठळक पट्टे असतात. हे दोन्ही रेणू दृश्य प्रकाश प्रचंड शोषतात. ग्रह पुरेसा तप्त असेल तर त्याच्याही हवेत ते वायुरूपात राहतील, वरच्या वर ऊन अडवतील आणि ओझोनसारखं स्थितांबर तयार करतील. २००८ मध्ये स्पिट्झर या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीच्या चार पट्ट्यांतल्या मोजमापांत एचडी २०९४५८बी ४.५ आणि ५.८ मायक्रॉनला अपेक्षेपेक्षा तेजस्वी आढळला. निष्कर्ष निघाला की स्थितांबर सापडलं. पाठ्यपुस्तकांत जाण्याइतका तो रुळला. पुढे तीच मोजमापं नव्या पद्धतीनं तपासली, नवी भर घातली, आणि २०१४ मध्ये दिसलं की तो उंचवटा टिकत नाही. हबलच्या वर्णपटातही पाण्याची खूण खड्ड्याची निघाली, म्हणजे तापमान वर जाताना घटतंच आहे.

मला यात कुणाची फजिती झाली असं वाटत नाही. चार ठिपक्यांतून एक वक्र काढायचा आणि त्या ठिपक्यांवर उपकरणाची स्वतःची थरथर बसलेली, हे काम मुळातच निसरडं. पण त्यातून एक शहाणपण आलं: रुंद पट्ट्यांतल्या उजेडावरून विपरीतता ठरवायची नाही, रेणूची ओळख पटेल असा आकार दिसायला हवा. शिवाय एचडी २०९४५८बी सरासरी जेमतेम १४५० केल्विनचा. टायटॅनियम ऑक्साइड वायुरूपात टिकायला तो थंडच पडतो.

ओळख पटणारा आकार मिळाला तो २०१७ मध्ये, वॉस्प-१२१बी या ग्रहावर. वस्तुमान गुरूच्या सव्वापटीला थोडं कमी, आकार मात्र फुगून जवळजवळ पावणेदोन पट. ताऱ्याभोवती एक फेरी साडेतीस तासांत. हबलनं टिपलेल्या त्याच्या वर्णपटात १.४ मायक्रॉनला खड्डा नव्हता, उंचवटा होता. पाण्याची वाफ शोषत नव्हती, झळकत होती. वरचा थर खालच्यापेक्षा तप्त आहे याचा हा खणखणीत पुरावा. तुम्ही वाचलेलं 'पाणी सापडलं' ते बहुधा हेच.

मग 'पाणी टिकत नाही' हे कुठून आलं? तेही खरंच आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच.

दिवसाच्या बाजूचं तापमान साधारण २२०० केल्विनच्या वर गेलं की त्या ग्रहाला आम्ही अतितप्त गुरू म्हणतो. तिथे रसायनशास्त्राचे नेहमीचे नियम ढासळायला लागतात. विरळ वरच्या थरात पाण्याचा रेणू फुटतो, त्याचे हायड्रॉक्सिल (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन अशी जोडी) आणि हायड्रोजन होतात. खुद्द हायड्रोजनचा रेणूही फुटून अणू मोकळे होतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लोखंड यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सुटतात. किती तापमानाला आणि किती दाबाला कुठल्या मूलद्रव्याचे किती इलेक्ट्रॉन सुटतील, हे सांगणारं समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांसाठी मांडलं. शंभर वर्षांनंतर तेच समीकरण आम्ही ग्रहांना लावतो. असा एखादा मोकळा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या अणूला चिकटला की ऋणभारित हायड्रोजन तयार होतो. हा आयन अगदी नाजूक. त्याचा जादा इलेक्ट्रॉन सोडवायला पाऊण इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते, म्हणजे १.६४ मायक्रॉनपेक्षा आखूड तरंगलांबीचा कुठलाही प्रकाश त्याला फोडू शकतो आणि फोडताना शोषला जातो. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो तो या आयनामुळेच दिसतो. १९३९ मध्ये रूपर्ट विल्ट यांनी ते सुचवलं आणि १९४० च्या दशकात चंद्रशेखर यांनी त्याच्या शोषणाचं गणित पक्कं केलं. ताऱ्यांच्या वातावरणाच्या पुस्तकात जिथे हा भाग येतो, तिथली पानं आता ग्रहांचे अभ्यासक उलगडून बसलेले असतात.

परिणाम काय होतो? हबलचं जे उपकरण आम्ही वापरायचो ते १.१ ते १.७ मायक्रॉनमध्ये पाहतं. नेमक्या त्याच पट्ट्यात ऋणभारित हायड्रोजन सरसकट शोषण करतो, आणि पाण्याची वाफ वरच्या थरातून नाहीशी झालेली असते. त्यामुळे वर्णपट सपाट दिसतो. वॉस्प-१८बी आणि वॉस्प-१०३बी यांचे वर्णपट असेच जवळजवळ गुळगुळीत होते. सपाट वर्णपटाचे किती अर्थ निघू शकतात पाहा: सगळं वातावरण एकाच तापमानाचं आहे, ढगांनी झाकलंय, ऑक्सिजनच कमी आहे म्हणून पाणी नाही, किंवा पाणी फुटलंय. प्रत्येक अर्थाला कुणी ना कुणी वाली होता. २०१८ मध्ये तीन-चार गटांनी जवळपास एकाच वेळी स्वतंत्रपणे दाखवलं की विघटन आणि ऋणभारित हायड्रोजन हिशेबात धरले तर विचित्र रसायनांची गरजच पडत नाही. सूर्यासारखीच साधी घडण पुरते.

याची खातरजमा दोन बाजूंनी झाली. २०२१ मध्ये वॉस्प-३३बीच्या वातावरणात हवाईच्या सुबारू दुर्बिणीतून हायड्रॉक्सिल सापडलं. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहावर तो रेणू पहिल्यांदाच दिसत होता. पाणी फुटतं असं म्हणायचं तर त्याचे तुकडे दाखवा, या आक्षेपाला ते थेट उत्तर होतं. दुसरी बाजू जेम्स वेब दुर्बिणीची. २०२३ मध्ये तिनं वॉस्प-१८बीचा वर्णपट ०.८५ ते २.८५ मायक्रॉनपर्यंत सलग टिपला. या ग्रहाचं वर्ष २३ तासांपेक्षाही लहान, वस्तुमान गुरूच्या दहा पट. इतक्या बारकाईनं पाहिल्यावर पाण्याचे उंचवटे दिसले: बारीक, दबलेले, पण एकापाठोपाठ एक. म्हणजे वाफ खालच्या थरात आहे, वर जाताना विरत जाते, आणि जिथे ती अजून शिल्लक आहे तिथे तापमान वर चढायला लागलेलं आहे. तुम्ही वाचलेल्या दोन्ही बातम्या बरोबर होत्या, फक्त त्या वेगवेगळ्या उंचीविषयी होत्या.

आता गुणोत्तराकडे परत या. पाण्याची वाफ हा अवरक्तात उष्णता बाहेर टाकणारा मुख्य वायू. तोच वरच्या थरातून निघून गेला की छेद लहान होतो, म्हणजे गुणोत्तर आपोआप वाढतं. त्याच वेळी धातूंचे मोकळे अणू दृश्य आणि अतिनील प्रकाश जोरात शोषतात, म्हणजे अंशही वाढतो. दोन्हीकडून एकाच दिशेला ढकललं जातं. म्हणून अतितप्त ग्रहांवर विपरीतता जवळजवळ अटळ ठरते, आणि हजार-पंधराशे केल्विनच्या ग्रहांवर बहुधा आढळत नाही. कार्बन मोनॉक्साइड तेवढा चिवट निघतो. त्याचा तिहेरी बंध तुटायला ११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, त्यामुळे पाणी गेल्यावरही तो वर टिकतो आणि ४.५ ते ५ मायक्रॉनजवळ झळकत राहतो. अतितप्त ग्रहांच्या वरच्या थराचं तापमान विचारायचं तर आज सर्वांत भरवशाचा साक्षीदार तोच.

मग टायटॅनियम ऑक्साइडचं काय झालं? ते आवश्यक आहे असं जे वाटत होतं, तो समज गळून पडला. केल्ट-२०बी या ग्रहावर त्याचा माग लागलेला नाही, तरी लोखंडाच्या तेजस्वी रेषा स्वच्छ दिसतात, म्हणजे विपरीतता आहेच. तिथला तारा तप्त, अतिनील प्रकाश भरपूर, आणि लोखंडाचे अणू तो झेलायला समर्थ आहेत. वॉस्प-१८९बीवर मात्र २०२२ मध्ये टायटॅनियम ऑक्साइड खरोखर सापडलं. वॉस्प-१२१बीची गोष्ट सगळ्यांत चमत्कारिक. तिथे लोखंड, क्रोमियम, व्हॅनेडियम सगळं दिसत होतं, पण टायटॅनियम नाही. टायटॅनियमची संयुगं व्हॅनेडियमच्या संयुगांपेक्षा जास्त तापमानालाच गोठतात. वारा टायटॅनियमला रात्रीच्या बाजूला घेऊन गेला की ते कॅल्शियम टायटॅनेटचे कण होऊन खाली बसतं आणि परत वर येत नाही. व्हॅनेडियम त्या सापळ्यातून निसटतं. २०२५ मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून पाहिल्यावर टायटॅनियमचे अणू अखेर हाती लागले. रात्रीच्या बाजूनं ते पुरतं गिळलेलं नव्हतं.

रात्रीच्या बाजूचा उल्लेख आलाच आहे, तर तक्त्यासाठी सर्वांत उपयोगी आकडे तिथलेच देतो. २०२२ मध्ये वॉस्प-१२१बीच्या पूर्ण फेरीचा हबलमधून अभ्यास झाला. दिवसाच्या बाजूला, दिसू शकणाऱ्या सर्वांत खोल थरात सुमारे २५०० केल्विन आणि वरच्या थरात सुमारे ३५००. रात्रीच्या बाजूला खोल थरात सुमारे १८०० आणि वर १५००. एकाच ग्रहावर, एकाच वेळी, एका बाजूला आलेख वर जाताना उजवीकडे, जास्त तापमानाकडे, झुकलेला आणि दुसऱ्या बाजूला डावीकडे. रात्री ऊन नाही, अडवायला काही नाही, त्यामुळे उंच गेलं की गारवा, हे आपलं नेहमीचं गणित लागू पडतं. दिवसा फुटलेलं पाणी वाऱ्यानं रात्रीकडे जाऊन पुन्हा जुळतं, तिथे त्याची खूण खड्ड्याची दिसते, आणि पहाटेच्या सीमेवरून पुढे गेलं की पुन्हा फुटतं. हायड्रोजनचंही तसंच. फुटताना एका मोलला ४३६ किलोज्यूल ऊर्जा शोषली जाते आणि रात्रीकडे जुळताना ती मोकळी होते. उष्णता वाहून नेण्याचा हा मार्ग साध्या वाऱ्यापेक्षा कितीतरी दमदार असतो. केल्ट-९बी नावाचा ग्रह आहे, २०१७ मध्ये सापडलेला, दिवसाची बाजू ४६०० केल्विनची, म्हणजे आकाशातल्या पुष्कळ ताऱ्यांपेक्षा तप्त. त्याची रात्रही अडीच हजार केल्विनच्या घरात आहे. एवढी गरम रात्र नुसत्या वाऱ्यानं समजावून सांगणं अवघड जातं.

मात्र हे सगळीकडे सारखं चालत नाही. वॉस्प-१८बीच्या दिवसाच्या बाजूचा वेबनं नकाशा काढला, तेव्हा मध्यापासून कडेपर्यंत तापमान हजार अंशांपर्यंत पडताना दिसलं. उष्णता पसरायला काहीतरी आडवं येतंय. बहुधा वायू अंशतः आयनित असल्यामुळे ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र वाऱ्याला धरून ठेवतं. चुंबकीय क्षेत्र थेट मोजलेलं नाही, म्हणून 'बहुधा'.

जाता जाता एक तक्रार. २०२० मध्ये वॉस्प-७६बीवर लोखंडाचा पाऊस पडतो अशी बातमी सगळीकडे झाली. प्रत्यक्ष मोजलं गेलं ते इतकंच, की संध्याकाळच्या कडेला लोखंडाची वाफ दिसते आणि सकाळच्या कडेला दिसत नाही. मधल्या रात्रीत ती गोठून खाली बसली असेल हा त्यातून काढलेला तर्क. तो चुकीचा आहे असं नाही, पण दोन कडांचं तापमान वेगळं असणं किंवा ढगांची आडकाठी यांनीही असंच चित्र तयार होतं, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं. मुलांच्या तक्त्यावर लोखंडाचा पाऊस काढायला हरकत नाही, चित्र छान दिसेल. खाली 'अंदाज' असं मात्र लिहून ठेवा.

तक्त्याविषयी आणखी दोन सूचना. अतितप्त ग्रहांच्या अगदी माथ्यावर, जिथे दाब एका बारच्या (म्हणजे साधारण आपल्या समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या) दशलक्षांश भागाइतका असतो, तिथे तापमान पुन्हा झपाट्यानं चढतं, दहा हजार केल्विनपर्यंतही जाऊ शकतं, आणि वायू ग्रहाला सोडून अवकाशात निसटू लागतो. वॉस्प-१२१बीवरून लोखंड आणि मॅग्नेशियमचे आयन असे निसटताना दिसले आहेत. हा स्थितांबराचा भाग नाही, तो वेगळा थर आहे. पुस्तकांत आणि बातम्यांत दोन्हींची गल्लत होते, तुमच्या तक्त्यात त्यांना दोन रंग द्या.

दुसरी सूचना अक्षाविषयी. आडव्या अक्षावर तापमान केल्विनमध्ये लिहा. उभ्या अक्षावर किलोमीटर लिहायचा मोह होईल, तो टाळा आणि दाब लिहा, खाली १ बार, मग ०.१, ०.०१, ०.००१ असा वर जात. आपल्या वर्णपटांतून जे कळतं ते साधारण ०.१ ते ०.००१ बारच्या पट्ट्यातलं असतं, तेवढा भाग ठळक रंगवा आणि बाकीचा फिका ठेवा. किलोमीटर नकोत याचं कारण हिशेबात आहे. पृथ्वीवर दाब साधारण एक-तृतीयांशाच्या थोडा वर यायला आठ किलोमीटर चढावं लागतं. वॉस्प-१२१बीवर गुरुत्व जवळजवळ आपल्याइतकंच, नऊ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास. पण वायू हायड्रोजनसारखा हलका आणि तापमान अडीच हजार केल्विन. तेवढाच दाब उतरायला तिथे सुमारे हजार किलोमीटर लागतात, आणि हायड्रोजन फुटलेला असेल तिथे त्याहूनही जास्त. त्यामुळे पृथ्वीचा आलेख शेजारी दाखवायचा असेल तर किलोमीटरच्या अक्षावर तो कागदावर दिसणारसुद्धा नाही. दाबाच्या अक्षावर ओझोनचा फुगवटा आणि वॉस्प-१२१बीचा फुगवटा शेजारीशेजारी व्यवस्थित बसतील.